खोकं एकीकडं, मुठी एकीकडं

"आणि हे कुणाच्या वाट्याला?" माझ्या थोरल्या सुनेनं, सुरेखानं, ते काळं खोकं दोन बोटांत धरून वर केलं. मेलेलं कबूतर उचलावं तसं.

सकाळपासून वाटणी चालली होती. विट्यातलं आमचं मंडपाचं गोडाऊन मी रिकामं करायला लावलं होतं आणि सगळं सामान अंगणात मांडून मधोमध खुर्ची टाकून बसले होते. उजव्या हाताला थोरला उत्तम, डाव्या हाताला धाकटा रघू. दोघांची तोंडं दोन गावांना. फाल्गुनात एका लग्नात वावटळ आली आणि आमचा मांडव उडून शेजारच्या द्राक्षबागेत पडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण दोर ताणले नाहीत हे थोरल्याचं म्हणणं, खुंट्या नीट ठोकल्या नाहीत हे धाकट्याचं. माणसं वाचली आणि भाऊ मेले. एका ताटात जेवणारी तोंडं महिनाभर बोलेनात, तेव्हा उत्तम म्हणाला, "आई, वेगळं होऊ." मी म्हणाले, "हो."

आमच्यात वाटे वडीलधाऱ्यानं घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं अशी रीत आहे. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा वाटे घालणारी मीच. आणि मी असे वाटे घातले की भावकीनं कपाळाला हात लावला. लोखंडी पाइप सगळे एका ढिगात, कनाती नि पडदे सगळे दुसऱ्या. खुर्च्या इकडं, टेबलं तिकडं. पन्नास माणसांच्या भाताचं पातेलं एकाला, त्याचं झाकण दुसऱ्याला.

"आई, नुसत्या पाइपांवर कुणाचं लग्न लावू मी?" रघू म्हणाला.

"तुझं लावून चुकले, तेवढं पुरे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलंय. मी ऐकलं आणि सोडून दिलं. ज्याला पातेलं आणि झाकण यांतलं काय कुठं ठेवायचं ते कळत नाही, त्याचं मनावर कशाला घ्या?

आता राहिलं हे खोकं. दोन दिवाळ्यांआधी दोघा भावांनी मिळून आपापल्या पोरींसाठी आणलेलं. टीव्हीला जोडायचं नि त्यावर खेळ खेळायचे. उत्तमची सानिका पंधराची, रघूची प्रांजल तेराची. चुलत बहिणी, पण आमच्या घरात चुलत हा शब्द त्या दोघींना कुणी लावला नव्हता. एका गोधडीत झोपायच्या. एकीला ताप आला की दुसरी शाळा बुडवायची. संध्याकाळी दोघी त्या खोक्यासमोर एकेक मूठ हातात धरून बसायच्या. मूठ म्हणजे ते बटणांचं, नांगराच्या रुमण्यासारखं दोन हातांनी धरायचं यंत्र. त्याला त्या कंट्रोलर म्हणत, मी मूठच म्हणते. त्या खेळात दोघींनी दोन वर्षं खपून एक गाव उभं केलं होतं. पांढरवाडी. घरं, बाजार, देऊळ, एस्टी स्टँड. मी येता-जाता बघायची. मला वाटायचं, कणगीत जोंधळा राहतो तसं ते गाव त्या खोक्यात राहतंय.

"आत्या, सांगा की," सुरेखा म्हणाली. आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. "माझी सानिका मोठी. तिलाच द्या."

"माझी प्रांजल लहान आहे, तिला द्या," धाकटी सून शुभांगी दारातून म्हणाली.

"खोकं ह्या ढिगात," मी पाइपांकडं बोट केलं. "दोन्ही मुठी आणि त्या चकत्या त्या ढिगात."

सानिका पुढं आली. "आज्जी, तसं नसतंय गं. खोकं म्हणजे नुसतं—"

"तुला विचारलं?"

"नाही, पण अकाउंट तर—"

"भावकीतली माणसं गप बसलीत आणि तू कोण लागून गेलीस? मागं हो."

ती मागं झाली. प्रांजलनं पाठीमागून तिची करंगळी धरली होती, ती मी बघितली.

रघूनं रीतीप्रमाणं आधी उचललं. पाइपांचा ढीग घेतला, त्यातच खोकं आलं. मग मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आजपासून ज्याचं त्यानं सांभाळायचं. दुसऱ्याच्या वाट्याला जो हात लावेल, तो माझा नव्हे. लहान असो, मोठा असो."

हे वाक्य बोलायची गरज नव्हती. पण माणसं जमली की माझ्या जिभेला जरा चढते.

उत्तम खानापूर रोडला नव्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर राहायला गेला. आई धाकट्याकडं, ही पण रीतच, म्हणून मी रघूकडं राहिले. आणि वाट बघत बसले.

कसली वाट, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आठ दिवसांत उत्तमनं सांगलीहून पाइप आणले. पंधरा दिवसांत रघूनं कापड आणलं. झाकणाच्या जागी शुभांगीनं परात ठेवली आणि भात शिजला. मी म्हटलं, असू दे. मोठी माणसं निबर असतात. पोरींचं तसं नसतं. घर फुटलं तर फुटू दे, पोरी फुटता कामा नयेत. एवढं एकच मला हवं होतं त्या उन्हाळ्यात, दुसरं काही नाही.

पोरी फुटल्या. म्हणजे मला तसं दिसलं. सानिका एकदाही आली नाही. पहिल्या दिवशी प्रांजलनं खोकं टीव्हीला जोडलं. पडद्यावर निळा उजेड आला आणि एक इंग्रजी ओळ.

"काय म्हणतंय?"

"साइन इन म्हणतंय."

"म्हणजे?"

"आत यायचं तर नाव सांगा, किल्ली दाखवा, म्हणतंय."

"मग दाखव की."

"नाव ताईचं आहे आज्जी. जाताना काढून घेतलं तिनं. काकीनं तिला सांगितलं, आपलं आपलं घेऊन चल." तिनं मोकळे हात माझ्यापुढं धरले. "आणि हातात मूठ नाही तर मी दाबू काय? कपाळ?"

माझीच नात. पण नंतर ती बोलेनाशी झाली. खोक्यावर तिनं रुमाल टाकला. रोज दुपारी साडेचारला आईचा मोबाइल घ्यायची आणि गच्चीवर जायची. काय करतेस विचारलं तर "अभ्यास". सुट्टीत कसला अभ्यास? डोळे लाल करून खाली यायची. मला वाटलं, वर बसून रडते.

मग एका मंगळवारी काशीबाई कासारीण आली. ती दोन्ही घरी बांगड्या भरते, म्हणजे दोन्ही घरचं तिला ठाऊक. मालक गेले तरी मी हात उघडे ठेवले नाहीत. माझा हात दाबता दाबता म्हणाली, "थोरल्यांनी लेकीला काम्पुटर आणला म्हणं. पोरगी दिवसभर त्याच्यावर ते गाव-गाव खेळतीय."

"कसलं गाव?"

"ते हो, घरं-बिरं बांधायचं. पांढरवाडी का काय."

माझ्या हातातली बांगडी तिथंच फुटली. काशीबाईला वाटलं तिच्या हातून फुटली.

गाव तिकडं? मग माझ्या प्रांजलच्या वाट्याला काय आलं, टरफल? शेंगा थोरलीनं फोडून नेल्या आणि मी इथं टरफलाला रुमाल घालून बसलेय? सानिकाला मी तळहातावर वाढवलेली. ती असली लबाड निघेल? सुरेखानं शिकवलं असणार. मी प्रांजलला हाक मारली.

"गाव कुणी बांधलं होतं?"

"दोघींनी."

"जास्त कुणी?"

"घरं सगळी मी. ताईला रस्ते आवडतात."

"मग तुझी घरं तिच्याकडं कशी गेली?"

"आज्जी, जाऊ दे ना तो विषय." तिनं घड्याळाकडं बघितलं. सव्वाचार झाले होते. "मी जाऊ वर?"

"जा. रड जा."

ती माझ्याकडं बघतच राहिली, मग मोबाइल घेऊन गेली. मी खोक्यावरचा रुमाल काढला, खोकं माझ्या जुन्या लुगड्यात बांधलं, चपला घातल्या. वाटणीपासून मी थोरल्याच्या जिन्याची पायरी चढले नव्हते. उत्तमनं येऊन चल म्हटल्याशिवाय जायचं नाही, असं मी मनाशी धरलं होतं आणि त्यानंही तेच धरलं असणार, माझंच रक्त. पण त्या दिवशी मी मानासाठी चालले नव्हते. पोरीचा वाटा घ्यायला चालले होते.

रिक्षावाला म्हणाला, "काय आहे आज्जी, मिक्सर बिघडला?"

"गाव आहे. हळू चालव."

दार सुरेखानं उघडलं. दुपारची झोप डोळ्यांत होती.

"आत्या! तुम्ही? फोन तरी करायचा."

"लेकाच्या घरी यायला टोकन घ्यावं लागतंय काय?"

"तसं नाही हो. हे म्हणत होते, आत्या येणार नाहीत आमच्याकडं. उंबरा ओलांडायच्या नाहीत."

"पाय माझे आहेत. कधी ओलांडायचं ते मी ठरवीन. सानिका कुठाय?"

"आहे आतल्या खोलीत. पण ती आता—"

मी आत गेले सुद्धा. सानिका टेबलाशी बसली होती, हातात मूठ, डोळे काम्पुटरवर. मला बघून ती अशी दचकली की हातातली मूठ खाली पडली, आणि पहिलं काम तिनं काय केलं? पडदा बंद केला. काळा. चोर सापडला की दिवा मालवतो तसं.

मी दार लावून घेतलं आणि गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं.

"भर."

"काय भरू?"

"गाव. ह्याच्यात होतं, काढून नेलंस. प्रांजलची घरं आहेत त्यात. तुला रस्ते पाहिजेत तर रस्ते ठेवून घे, घरं ह्याच्यात परत भर. मी बसलेय इथं."

तिचं तोंड उघडं पडलं. मग ओठ असे थरथरले की मला वाटलं आता रडणार. रडली नाही. हसू दाबत होती.

"आज्जी, गाव ह्याच्यात नव्हतंच कधी."

"मला खुळी समजतीस? दोन वर्षं मी बघितलंय."

"दिसत होतं ह्याच्यातनं. राहत नव्हतं ह्याच्यात." तिनं मला तिच्या खुर्चीवर बसवलं नि स्वतः पलंगाच्या कडेला बसली. "तू मला सांग, आपले पाइप, कनाती, खुर्च्या, स्पीकर, हे सगळं म्हणजे लग्न का?"

"नाही. ते सामान."

"तसं हे खोकं म्हणजे सामान. ह्याला हार्डवेअर म्हणतात. हा काम्पुटर पण सामान. मुठी पण, टीव्ही पण, मोबाइल पण. हाताला लागतंय, पडलं तर फुटतंय, ते सगळं सामान."

"आणि लग्न कुठं लागतंय?"

"कार्यालयात. त्याला प्लॅटफॉर्म म्हणायचं. तिथं आपलं नाव नोंदवलेलं असतंय, आपले खेळ तिथं ठेवलेले असतात, आपल्या ओळखीची माणसं तिथं येतात. गाव तिथं आहे. मी ह्या सामानातनं गेले काय नि त्या सामानातनं गेले काय, नाव सांगितलं, किल्ली लावली की त्याच गावात जाते."

"आणि ह्या चकत्या? मी तुझ्या वाट्याला टाकलेल्या?"

"त्या तीन जुन्या खेळांच्या. गावाचा खेळ चकतीवर नव्हताच. उतरवून घेतलेला." तिनं खोक्यावर टिचकी मारली. "सगळेच खेळ असे सगळीकडं चालत नाहीत. काही एकाच कार्यालयातले असतात, ते दुसऱ्या खोक्यात उघडत नाहीत. आपला सगळीकडं चालतोय. मी वाटणीच्या दिवशी हेच सांगत होते."

"मला गप बसवायचं होतं होय मग! जरा जोरात सांगायचं."

"तू म्हणालीस, मागं हो."

मी दुसरीकडून धरलं. "ते कार्यालय कुणाचं?"

"कंपनीचं. परदेशात आहे."

"म्हणजे दोन वर्षं खपून तुम्ही गाव बांधलंत ते परक्याच्या जागेत? आणि उद्या त्यानं कुलूप घातलं तर?"

"तर गेलं."

"शहाण्यांनो! बापाच्या अंगणात किल्ला करायला काय झालं होतं?"

आज सात वर्षं झाली. सानिका पुण्याला कुठल्याशा कंपनीत आहे, प्रांजल साताऱ्याला शिकते, आणि आता मला कुणी विचारलं तर प्लॅटफॉर्म म्हणजे काय आणि हार्डवेअर म्हणजे काय ते मी भावकीला बसवून सांगू शकते. त्या दिवशी मात्र एवढंच कळलं की मी वाटणी केली ती सामानाची. जे वाटायचं नव्हतं ते माझ्या हातात कधी आलंच नव्हतं.

आणि मग माझी जीभ सैल सुटली. खुर्ची फिरणारी होती, त्यामुळं मी बोलताना हळूहळू भिंतीकडं वळत गेले, ते बरंच झालं.

"मी मुद्दाम तसं तोडलं होतं," मी म्हणाले. "खोकं एकीला, मुठी एकीला. म्हणजे तिला खेळायचं तर तुझ्याकडं यावं लागेल नि तुला खेळायचं तर तिच्याकडं. पाइप-कनातीचं पण तेच. पातेल्याचं पण तेच."

सानिकानं खाली पडलेली मूठ उचलून घेतली.

"माझी जाऊ होती द्वारका. तू बघितली नाहीस. आमची वाटणी सासऱ्यांनी केली. फार नेटकी. दळायची दोन जाती, दोन हंडे, दोन गाई, दोन दारं. कुणाला कुणाकडं मीठ मागायला जायचं कारण ठेवलं नाही. मग आम्ही कशाला जातोय? एकोणीस वर्षं मधल्या भिंतीतनं मी तिचं खोकणं ऐकलं. एक दिवस ऐकू आलं नाही, तेव्हा गेले."

"मग?"

"मग काय. बाहेर तिची तिरडी बांधत होते."

खुर्ची तिनं हातानं धरून माझं तोंड आपल्याकडं फिरवलं.

"आज्जी, मग हे सांगायचं की गं आधी!"

"सांगितल्यावर कोण करतंय? गरज पडली तर करतात."

सानिका उठली. दाराला कान लावून आली. मग तिनं पडद्याचं बटण दाबलं.

पांढरवाडी. तीच. देऊळ, बाजार, एस्टी स्टँड. पण गाव वाढलं होतं. नदीकाठाला नवी आळी झाली होती, एकसारख्या उतरत्या छपरांची घरं, प्रत्येक दारात तुळस. रस्त्यात एक हिरव्या शर्टातली बाई थांबली होती. आणि एक पिवळ्या फ्रॉकमधली लहान पोरगी तिच्याभोवती उड्या मारत होती.

"हिरवी मी," सानिका म्हणाली.

"आणि ही पिवळी कोण?"

"बघ की. ओळख."

पिवळ्या पोरीनं एका छपरावर उडी घेतली, एक कौल बसवलं, मागं सरून बघितलं, काढलं, परत बसवलं. माझ्या घरात भाकरीचं पीठसुद्धा तीनदा मळणारी एकच पोरगी आहे.

"प्रांजल?"

"हो."

"आत्ता? ह्या वेळी?"

"काकीच्या मोबाइलवरनं. गच्चीवरनं. रोज साडेचार ते साडेपाच. वाटणीच्या तिसऱ्या दिवसापासनं. तिनं मोबाइलवर स्वतःचं नाव नोंदवलं, मी तिला गावात बोलावलं. तिचं सामान वेगळं, माझं वेगळं. गाव एकच."

वर बसून रडते म्हणत होते मी. उन्हात मोबाइलच्या पडद्याकडं एक तास बघितल्यावर डोळे लाल होणार नाहीत तर काय?

"मग मला का सांगितलं नाही? मी इथं तीन आठवडे जीव जाळतीय!"

सानिकानं खाली बघितलं. "मम्मीनं तर शपथच घातलीय तिकडच्यांशी बोलायचं नाही म्हणून. पण तिचं काही नाही, ती चार दिवसांनी विसरते. प्रांजल तुला भितीय. आणि मी पण."

"मला?"

"तूच म्हणालीस ना, सगळ्यांसमोर. दुसऱ्याच्या वाट्याला जो हात लावेल तो माझा नव्हे, लहान असो, मोठा असो. प्रांजल रोज विचारते, ताई, आज्जीला कळलं तर?"

मी आयुष्यात पुष्कळांना बोलले आहे. सासूला बोलले, सरपंचाला बोलले, एका कलेक्टरला भर मांडवात खुर्चीवरनं उठवलं होतं. पण त्या दिवशी स्वतःलाच बोलायची पाळी आली.

आणि तेवढ्यात दार उघडलं. सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"दार कशाला लावलंय? आणि आत्या काम्पुटरसमोर?" तिची नजर पडद्यावर गेली. सुरेखा भोळी असली तरी आंधळी नाही. "सानिका, ही दुसरी कोण गं? कुणाबरोबर खेळतीस तू?"

सानिकाचा रंग उडाला. पिवळी पोरगी बिचारी कौल बसवत होती, तिला काय माहीत?

"सांग की. कोण आहे ती?"

"मी आहे," मी म्हणाले.

"तुम्ही?"

"का? मी खेळू नये? तीन आठवडे झाले, धाकट्याकडं ते खोकं माझ्या उशाशी पडलंय, त्याचं काय करतात ते मला कळायला नको? शिकायला आलेय मी. तू काय तिकीट घेणार आहेस काय?" आणि टेबलावरची दुसरी मूठ मी दोन्ही हातांनी धरली. नांगर धरला होता मी लग्नाआधी, तशीच धरली.

"पण आत्या, ह्या वयात..."

"वय तुझं झालंय. दुपारी झोपतीस."

सुरेखा पडद्याकडं बघत राहिली. मी बटणं दाबत होते आणि पडद्यावर काहीच हलत नव्हतं. माझ्या हातातली मूठ कशालाच जोडलेली नव्हती, मला काय ठाऊक? सानिकानं शेजारी बसायचं निमित्त करून तिच्या हातातली मूठ माझ्या मांडीवर सरकवली आणि माझी आपल्याकडं ओढून घेतली.

"असं धर आज्जी. अंगठ्यानं पुढं ढकल."

मी ढकललं. हिरवी बाई चालायला लागली.

"अय्या! चालवतात की!" सुरेखा तोंडाला पदर लावून हसली. दोन महिन्यांत तिचं हसू मी पहिल्यांदा बघितलं. "पण मघाशी तर तुम्ही ती पिवळी होतात ना?"

"मी कपडे बदलले. तू जा, चहा टाक. आणि उद्यापासनं मी रोज साडेचारला येणार आहे, तेव्हा दार उघडं ठेव. मला जिन्यात उभं राहायला जमत नाही."

"रोज?"

"शिकायला एक दिवस पुरतोय काय?"

ती हसतच चहा टाकायला गेली. तिकडं जाऊन उत्तमला फोन लावल्याचं ऐकू आलं, "अहो, ऐकलं का, आत्या आल्यात... अहो, खेळायला!"

इकडं हिरवी बाई थांबेना. मी अंगठा सोडला नव्हता, सोडायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती बाजारातनं गेली, नव्या आळीतनं गेली, एका दारातली तुळस तुडवली आणि सरळ नदीत उतरली. गुडघा, कंबर, छाती.

पडद्याच्या खालच्या कडेला अक्षरं उमटली. सानिका वाचायला लागली.

"थांब. मराठीत आहे ना? मी वाचते." चौथीपर्यंत शिकलेय मी, अक्षर अक्षर लावून येतं. "ता-ई, तू न-दी-त का चा-लली-यस?"

सानिकानं टकटक करून खाली लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "मी नाही. आज्जी आहे."

मग काहीच येईना. काठावर ती पिवळी पोरगी दगडासारखी उभी राहिली. उडी नाही, हालचाल नाही. मला गच्चीवरची माझी पोर दिसायला लागली, हातात मोबाइल धरून घामानं भिजलेली.

"पळाली काय गं? फोन टाकून?"

"थांब जरा," सानिका म्हणाली.

आत कपबश्या वाजल्या. मग एकच शब्द आला. तो मला जोडून वाचावा लागला नाही.

"आपली?"

सानिकानं माझ्याकडं बघितलं. तिचे हात बटणांवर तसेच थांबलेले.

"बघतीस काय? लिही," मी म्हणाले. "म्हणावं, आपलीच. आणि म्हणावं, पाणी नाकाला लागलंय, येऊन धर."

तिनं लिहिलं. पिवळ्या फ्रॉकवालीनं काठावरनं धाडकन उडी टाकली.